राग आला, राग धरला

धुरा म्हणजे दोन वावरांच्या मधला मातीचा बांध. आमच्या लोधीखेड्याकडं, सौंसर-पांढुर्ण्याच्या संत्र्याच्या पट्ट्यात, भावाभावांची पुष्कळ भांडणं या हातभर मातीवरून सुरू होतात. माझ्या बाबांचं आणि काकांचंही तसंच झालं. एका मृगात काकांचा वखर धुऱ्यात हातभर आत गेला, शब्दाला शब्द लागला आणि बाबांनी सख्ख्या भावावर हात टाकला. पुढं अकरा वर्षं दोन घरांत येणं-जाणं नव्हतं. माझ्या बहिणीच्या लग्नाला काका आले, पण मांडवाबाहेर कडुलिंबाखाली बसून राहिले. आत आले नाहीत. त्या भांडणाबद्दल बाबा कधी बोललेच तर एकच वाक्य बोलत, "मले राग आला, अन् हात उठला."

शाळेत हिंदी आणि घरात मराठी अशा दोन भाषांत वाढल्यामुळं असेल, माझं वाक्यांच्या घडणीकडं लक्ष जातं. बाबांच्या या वाक्यात 'मी' कुठंच कर्ता नाही. राग आला, जसा पाहुणा येतो तसा. हात उठला, जणू त्याचा तोच. अशी वाक्यं मराठीत ढिगानं आहेत. माझ्या हातून घडलं, तोंडातून शब्द गेला, बुद्धी फिरली, मोह आवरला नाही. यात भाषा खोटं बोलते असं मला वाटत नाही. राग खरोखरच येतो. आता आपण रागवायचं, असं कुणी ठरवून बसत नाही. पण याच भाषेत दुसरं एक क्रियापद आहे. राग धरणे, डूख धरणे, अढी धरणे. धरायला हात लागतो, आणि तो कुणाचा ते सांगावंच लागतं, "त्यानं राग धरला." 'आला' आणि 'धरला' यांच्यामध्ये जी जागा आहे, तिचा ख्रिस्ती परंपरेनं फार बारकाईनं विचार केला आहे. बाबांच्या वाक्यानंच मला त्या विचाराकडं नेलं.

आमच्या भागात ख्रिस्ती वस्ती थोडी, पण विषय परका नाही. तासा-दीड तासावरच्या नागपुरात स्टीफन हिस्लॉप १८४५ साली आले. छिंदवाड्यात आधी स्कॉटिश मिशनरी आणि नंतर स्वीडनचे ल्यूथरपंथी स्थिरावले. मध्य प्रदेशातल्या ल्यूथरन चर्चचं मुख्य केंद्र आजही छिंदवाडा आहे. यातून एक गमतीची गोष्ट होते. मोशेच्या दहा आज्ञांमधली 'खून करू नको' ही आज्ञा स्कॉटिश परंपरेच्या मोजणीत सहावी, तर ल्यूथरन आणि कॅथलिक मोजणीत पाचवी. म्हणजे सौंसरहून दक्षिणेला नागपूरला जा की उत्तरेला छिंदवाड्याला, आज्ञा तीच, क्रमांक बदलतो. मार्टिन ल्यूथर यांनी १५२९ साली घराघरांतल्या मुलांसाठी जी छोटी प्रश्नोत्तरी लिहिली, तिच्यात या आज्ञेचा अर्थ खून न करण्यावर थांबत नाही. शेजाऱ्याच्या जिवाला इजा करायची नाही, इतकंच नव्हे तर त्याच्या गरजेला धावून जायचं. ते न करणं हाही आज्ञाभंग. अकरा वर्षं न बोललेले दोन भाऊ या व्याख्येत कुठं बसतात, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हाच मनात आलं होतं.

मूळ गोष्ट मात्र ल्यूथरच्या फार आधीची, आणि तीही वावरातलीच.

बायबलमध्ये 'पाप' हा शब्द सर्वांत आधी कुठं येतो, असं विचारलं तर बहुतेक जण आदाम, हव्वा आणि फळाची गोष्ट सांगतील. प्रत्यक्षात त्या गोष्टीत हा शब्द नाही. तो पुढच्या अध्यायात, काइन आणि हाबेल या दोन भावांच्या गोष्टीत पहिल्यांदा येतो. काइन शेतकरी, हाबेल मेंढपाळ. दोघं आपापल्या कष्टातलं देवाला वाहतात. देव हाबेलचं अर्पण पसंत करतो, काइनचं करत नाही. का, ते मूळ मजकूर सांगत नाही, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण राग येतो तेव्हा अन्याय झाल्याची भावना खरी असते. ती खोटी आहे असं सांगून राग जात नाही. काइनचा चेहरा उतरतो. देव त्याला विचारतो, तू का रागावलास? आणि सावध करतो, की पाप दाराशी दबा धरून बसलं आहे, त्याची ओढ तुझ्याकडं आहे, पण त्याच्यावर ताबा तू ठेवायचा आहेस. इथलं हिब्रू क्रियापद जनावराच्या बसण्यासाठी वापरलं जाणारं आहे. जनावर बाहेर आहे, दार घरमालकाचं आहे. रागाच्या त्या क्षणी काइन अजून पापी ठरलेला नाही. त्याला बोलून अडवलं जात आहे.

ताबा ठेवण्याबद्दलच्या त्या एका हिब्रू शब्दावर भाषांतरकारांनी पुष्कळ डोकं चालवलं. 'तू ताबा ठेवशील' हे वचन आहे, की 'ताबा ठेव' ही आज्ञा, की 'तू ताबा ठेवू शकतोस' ही मोकळीक? जॉन स्टाइनबेक या अमेरिकी कादंबरीकारानं १९५२ मध्ये आलेली आपली एक मोठी कादंबरी या शब्दाभोवतीच उभी केली आणि तिसऱ्या अर्थाच्या बाजूनं कौल दिला. काइन मात्र उत्तरच देत नाही. 'का रागावलास' या प्रश्नापुढं तो गप्प राहतो, भावाला वावरात नेतो आणि मारतो. भाऊ कुठं आहे असं देवानं विचारल्यावर त्याला तोंड फुटतं, तेही प्रश्नाला उलटा प्रश्न करायला, की मी काय त्याचा राखणदार आहे?

ही गोष्ट मराठीत पुराणाच्या थाटात सांगितली गेली ती गोव्यात. इंग्लंडहून १५७९ साली गोव्याला आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोल इथं छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, अस्सल मराठी वळण. पहिल्या भागात जुना करार, दुसऱ्यात येशूचं चरित्र. हा ग्रंथ लिहिणाऱ्या माणसानं रागाचं काय होतं ते जवळून पाहिलं होतं. १५८३ च्या जुलैत सासष्टीतल्या कुंकळ्ळी गावात रुदोल्फ आक्वाविवा यांच्यासह पाच जेझुइटांना गावकऱ्यांनी ठार मारलं. त्यांचे मृतदेह मिळवून दफन करण्याचं काम स्टीफन्स यांच्या वाट्याला आलं. मारणाऱ्यांचा राग आकाशातून पडलेला नव्हता. पोर्तुगीज फौजांनी त्या परिसरातली देवळं पाडली आणि जाळली होती. आणि पुढं पोर्तुगीजांनी काय केलं? गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि खटला न चालवता मारून टाकलं. मेलेल्या जेझुइटांना चर्चनं १८९३ मध्ये धन्य घोषित केलं. किल्ल्यात मारल्या गेलेल्या प्रमुखांची आठवण कुंकळ्ळीनं आपली आपण जपली. ख्रिस्ती सत्तेनं ख्रिस्ताच्या नावावर केलेला हा सूड आहे, आणि ख्रिस्ती शिकवणीच्या मापानंच तो पाप ठरतो. दोन्ही बाजूंना विचारलं असतं तर दोघांनीही आपल्या रागाचं कारण दाखवलं असतं.

'कारण' या शब्दाशीच एक जुनी हस्तलिखितांची कथा जोडलेली आहे. मत्तयच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो, की खून करणारा न्यायासाठी उभा राहील हे तुम्ही ऐकलं आहे, पण भावावर रागावणाराही तिथंच उभा राहील. भावाला मूर्ख म्हणून हिणवणंही त्याच वाटेवरचं. फार जुन्या हस्तलिखितांत हे वाक्य असंच, बिनशर्त आहे. नंतरच्या कित्येक प्रतींत मात्र 'विनाकारण' असा एक शब्द शिरला, म्हणजे विनाकारण रागावणाऱ्याला शिक्षा. इंग्रजीतल्या १६११ च्या प्रसिद्ध भाषांतरातही तो आहे. नक्कल करणाऱ्या कुणा लेखनिकाला मूळ वाक्य फारच कडक वाटलं असणार. मला त्याचं मन समजतं. पण तो एक शब्द घातला की सगळी शिकवणच गळून पडते, कारण विनाकारण रागावलेला माणूस जगात भेटत नाही. बाबांकडं कारण होतं, काकांकडंही होतं.

पण मग राग येणंच पाप आहे का? तसं म्हणावं तर अडचण आहे, कारण येशू स्वतः रागावलेला दिसतो. वाळलेल्या हाताच्या माणसाला शब्बाथाच्या दिवशी बरं करायला लोकांनी मुकाट विरोध केला, तेव्हा त्यानं त्यांच्याकडं रागानं पाहिलं, असं मार्क लिहितो आणि लगेच जोडतो, की त्यांच्या मनाच्या कठोरपणाचं त्याला दुःख झालं. राग आणि दुःख एकाच वाक्यात. मंदिरातल्या सराफांचे चौरंग त्यानं उलथले. संत पौलानं इफिसच्या लोकांना लिहिलं ते व्यवहारी आहे. रागावलात तरी पाप करू नका, आणि सूर्य मावळायच्या आत राग उतरवा. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी याचं तर्कशुद्ध रूप केलं. राग बुद्धीच्या मागून चालला तर तो न्यायाचं हत्यार. बुद्धीच्या पुढं धावला तर पाप.

आला आणि धरला यातली रेघ सर्वांत बारकाईनं ओढली ती इजिप्तच्या वाळवंटातल्या तपस्व्यांनी. चौथ्या शतकातल्या एव्हाग्रिअस यांनी माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली, त्यात क्रोध आहे. सहाव्या शतकाच्या शेवटी पोप ग्रेगरी यांनी त्याच यादीतून सात मुख्य पापं बनवली. आपल्या षड्रिपूंची आठवण इथं कुणालाही होईल. पण एव्हाग्रिअस यांचा खरा शोध यादीत नाही. ते म्हणतात, हे विचार मनाशी यावेत की नाही, हे आपल्या हाती नाही. ते मुक्कामाला राहावेत की नाही, हे आहे. संत ऑगस्टिन यांनी याच्या तीन पायऱ्या केल्या. आधी सुचणं, मग त्यात गोडी वाटणं, मग रुकार देणं. पाप पुरं होतं ते रुकारात. मला या तिन्हींतली मधली पायरी सर्वांत ओळखीची वाटते. रात्री अंथरुणावर पडून, आपण त्याला काय काय सुनावलं असतं याचे संवाद मनात घोळवणं. राग कधीचा येऊन गेलेला असतो. आपण त्याला पाट मांडून बसवतो, वाढतो, आग्रह करतो.

या तपस्व्यांचे शिष्य जॉन कॅशियन यांनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. रागाचं कारण दुसरी माणसं आहेत असं वाटून जो एकांतात जातो, तो राग बरोबर घेऊनच जातो. स्वतःचा अनुभव ते सांगतात. वाळवंटात एकटे असताना ते बोरूवर चिडत, कारण तो हवा तसा चालत नसे. बोथट चाकूवर चिडत. ठिणगी पटकन न देणाऱ्या गारगोटीवर चिडत. आजूबाजूला भाऊ नव्हता, तर राग दगडावर निघत होता.

कॅशियन वाचताना मला रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत, त्यांना टिळकांचा शीघ्रकोप आणि घरातून उठून निघून जाण्याची सवय ठाऊक आहे. त्यांचे वडील वामनरावही कोपिष्ट. टिळकांच्या आयुष्याला वळण लागलं ते आमच्याच मुलखात, नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत. डब्यातल्या एका युरोपीय प्रवाशानं त्यांना नवा करार दिला. तो वाचताना त्यांना धरून ठेवलं ते मत्तयच्या पाचव्या अध्यायापासून सुरू होणाऱ्या डोंगरावरच्या प्रवचनानं, म्हणजे जिथं भावावरच्या रागाला खुनाच्या रांगेत बसवलं आहे त्याच मजकुरानं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई हादरल्या, संतापल्या, पुढं काही वर्षं वेगळ्या राहिल्या आणि १९०० साली स्वतःच्या विचारानं ख्रिस्ती झाल्या. बाप्तिस्म्यानं टिळकांचा राग धुऊन निघाला असं लक्ष्मीबाई कुठंही भासवत नाहीत. नवऱ्याचे गुण त्यांनी जितक्या प्रेमानं लिहिले तितक्याच सरळपणे त्याचा तापटपणा लिहिला. संतचरित्राला न शोभणारी ही सचोटी मला धर्माच्या दृष्टीनंही मोलाची वाटते. ल्यूथर यांच्या मते क्षमा मिळालेला माणूस एकाच वेळी नीतिमान ठरवलेलाही असतो आणि पापीही असतो. 'स्मृतिचित्रे' वाचताना हा अवघड सिद्धांत घरातल्या भांड्याकुंड्यांसारखा रोजचा वाटू लागतो.

बापाचा राग मुलात उतरतो, मग मुलगा जबाबदार कसा? या प्रश्नावर ख्रिस्ती धर्मात मोठा वाद झाला. ज्यू लोकांत जुनी म्हण होती, की आंबट द्राक्षं बापांनी खाल्ली आणि दात मुलांचे आंबले. यहेज्केल संदेष्ट्यानं ही म्हण यापुढं वापरू नका असं बजावलं. ज्याचं पाप त्याच्याच माथी. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलागिअस नावाच्या ब्रिटिश तपस्व्यानं हाच धागा टोकाला नेला. माणसाला चांगलं निवडण्याची पूर्ण ताकद आहे, निमित्तं सांगू नयेत. ऑगस्टिन यांचं उत्तर अनुभवातून आलेलं होतं. इच्छाशक्तीच वाकलेली आहे. आदामापासून वारसा आला आहे. देवाच्या कृपेवाचून ती सरळ होत नाही. ४१८ साली कार्थेजच्या धर्मपरिषदेनं पेलागिअसचं मत फेटाळलं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चनं मधली वाट धरली. मृत्यू आणि पापाकडचा कल वारशानं येतो, दोष वारशानं येत नाही.

संत्र्याच्या गावात राहणाऱ्याला हा वाद समजायला सोपा जातो. आमच्याकडं संत्र्याची कलम जंबेरीच्या खुंटावर बांधतात. जमिनीतून येणारं सगळं खुंटातूनच वर चढतं, पण खुंटाच्याच फुटव्याला वाढू दिलं तर झाड जंबेरीचं होतं. फुटवा येणं बागवानाच्या हातात नाही. तो न खुडणं मात्र त्याचंच काम चुकणं आहे.

वारसा जबाबदारी पुसत नाही, पण ती सगळ्यांवर सारखीही पडत नाही. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट म्हटलं आहे, की अज्ञान, भीती, सवय, मनाचे आवेग यांमुळं माणसाच्या कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते. प्राणघातक पाप ठरायला तीन गोष्टी लागतात. बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे याची जाण हवी, आणि समजून-उमजून दिलेली संमती हवी. आपला कायदाही याच जागी येऊन उभा राहतो. 'गंभीर आणि अचानक चिथावणी' असेल तर खुनाचा गुन्हा सौम्य होतो. नौदल अधिकारी नानावटी यांनी २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत प्रेम आहुजा यांना गोळी घातली. पत्नीचे आहुजांशी संबंध असल्याचं तिनंच त्या दुपारी सांगितलं होतं. पण ते आधी कुटुंबाला सिनेमाला सोडून आले, जहाजावर गेले, रिव्हॉल्व्हर घेतलं, आणि मग आहुजांचं घर गाठलं. सर्वोच्च न्यायालयानं १९६१ मध्ये म्हटलं, की मधे सुमारे तीन तास गेले, भानावर यायला तेवढा वेळ पुरेसा होता. पौलानं सूर्यास्ताची मुदत दिली होती, न्यायालयानं घड्याळ पाहिलं.

मोहाबद्दलचा विचार रागाला चिकटूनच येतो, आणि इथं मराठीनं एक वेगळा शब्द निवडला आहे. येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेत 'आम्हांला मोहात पाडू नको' या अर्थाची जी ओळ आहे, तिथं मराठी बायबलमध्ये शब्द आहे 'परीक्षा'. मूळ ग्रीक शब्दाला दोन्ही अर्थ आहेत, कसोटी आणि भुरळ. युरोपात या ओळीनं बराच गोंधळ केला, कारण देवच माणसाला मोहात ढकलतो असा तिचा अर्थ ऐकू येई. फ्रेंच कॅथलिकांनी २०१७ च्या डिसेंबरात आणि इटलीतल्यांनी २०२० मध्ये शब्द बदलले. 'परीक्षा' म्हटल्यावर तो गोंधळ निम्मा कमी होतो. परीक्षा देणं म्हणजे नापास होणं नव्हे. येशू चाळीस दिवस उपाशी असताना सैतानानं त्याला दगडांच्या भाकरी करायला सांगितलं. भूक खरी होती, सूचना ऐकू आली होती, आणि तरी पाप झालं नाही.

मग पापाची सुरुवात कुणाकडून? याकोबाच्या पत्रात यावर सर्वांत नेमकं लिहिलं आहे. देव मला मोहात पाडतो असं कुणी म्हणू नये. माणसाला त्याचीच इच्छा ओढते, त्या इच्छेला दिवस जातात, ती पापाला जन्म देते आणि वाढलेलं पाप मरणाला. गीता वाचणाऱ्याला दुसऱ्या अध्यायातली साखळी आठवेल. विषयांचं चिंतन, आसक्ती, कामना, क्रोध, आणि शेवटी बुद्धिनाश. तिसऱ्या अध्यायात अर्जुनही विचारतो, की इच्छा नसताना कुणी जबरदस्ती केल्यासारखा माणूस पाप का करतो. दोन्हीकडचं निरीक्षण जवळचं आहे. फरक पडतो पुढं. ख्रिस्ती विचारात पाप हा आधी नात्याचा भंग असतो, म्हणून त्याची दुरुस्तीही नात्यातच करावी लागते. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी भावाकडं जा, असं येशू त्याच पाचव्या अध्यायात सांगतो. पूजा थांबवून धुऱ्यापर्यंत चालत जायचं.

आदामानं मात्र चालणं टाळलं. फळ खाल्लंस का, असं विचारल्यावर तो म्हणतो, की तू मला जी बायको दिलीस तिनं दिलं. एका वाक्यात बायको आणि देव दोघंही आरोपी. हव्वा सापाकडं बोट दाखवते. साप खोटा आहे असं कुणी म्हणत नाही, सैतानाचं अस्तित्व ख्रिस्ती धर्म मानतो. पण सापाला शिक्षा झाली म्हणून आदाम सुटत नाही. सुचवणारा वेगळा, रुकार देणारा वेगळा.

आमच्याकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत निघते. नागपुरातल्या काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक १८८० च्या दशकापासून चालत आली आहे. रोगराई, इडापीडा, गावावरचं अरिष्ट घेऊन जा, म्हणून तिला शिवेबाहेर नेऊन जाळतात. मोशेच्या नियमशास्त्रातही याला जवळचा विधी आहे. वर्षातून एकदा महायाजक एका बकऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवी, लोकांचे अपराध त्याच्यावर कबूल करी आणि त्याला रानात सोडून दिलं जाई. ख्रिस्ती माणूस म्हणतो, की ते ओझं ख्रिस्तानं एकदाच आणि कायमचं उचललं. यावर रास्त शंका येते, की दुसऱ्यानं उचललं तर माझी जबाबदारी संपली का? पौलाला त्याच्या हयातीतच हा प्रश्न विचारला गेला होता, आणि रोमच्या मंडळीला लिहिताना त्यानं 'कदापि नाही' म्हणून तो उडवून लावला. जर्मनीत हिटलरच्या काळात डीट्रिख बोनहोफर या ल्यूथरन पाळकानं १९३७ मध्ये अशा सोयीच्या क्षमेला 'स्वस्त कृपा' म्हटलं. पश्चात्तापाशिवाय मिळालेली क्षमा त्यांना क्षमाच वाटत नव्हती. बकऱ्याच्या विधीतही आधी अपराधांचा उच्चार होता.

त्याच मारबतीच्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार होते. नदीत पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि दिवसभर दगडफेक. झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो तेव्हा खेळ थांबतो. दरवर्षी शेकड्यांनी लोक जखमी होतात, काही वर्षी माणसं दगावलीही आहेत. ते दगड मारणारे एकमेकांचे वैरी नसतात. दोन्ही काठांवर सोयरिकी आहेत, आणि खेळणाऱ्यांची श्रद्धा मी हलकी लेखत नाही. पण एक गोष्ट मला दरवर्षी अस्वस्थ करते. लागलेला दगड कुणाचा, हे कधीच कळत नाही. गर्दीत हात हजार असतात आणि कर्ता कुणीच नसतो.

योहानाच्या आठव्या अध्यायातही हातात दगड घेतलेली गर्दी आहे. व्यभिचारात पकडलेल्या बाईला समोर उभं केलं आहे. मोशेच्या नियमात दगडमाराला एक अट होती, की पहिला दगड साक्षीदारांनी टाकायचा, म्हणजे आरोप करणाऱ्यानं आपल्या हातानं जबाबदारी घ्यायची. येशू ती अट आणखी घट्ट करतो. तुमच्यात जो निष्पाप असेल त्यानं पहिला टाकावा. पुढचं वर्णन मला नेहमी थांबवतं. लोक एकदम पांगत नाहीत. वडीलधाऱ्यांपासून सुरुवात होऊन एकेक जण निघून जातो. गर्दीची माणसं झाली, आणि माणूस झाल्यावर प्रत्येकाला आपला हात दिसला.

कबुलीजबाबाचा सगळा विधी या 'एकेका'साठी आहे. १२१५ च्या लॅटरन परिषदेनं प्रत्येक कॅथलिकानं वर्षातून निदान एकदा धर्मगुरूपुढं पापं कबूल करावीत असा नियम केला. मिस्साच्या आरंभी सगळे एकत्र उभे असतात, पण प्रार्थना प्रथमपुरुषी एकवचनी असते. विचारानं, शब्दानं, कृतीनं आणि न केलेल्या कर्तव्यानं मी पाप केलं, असं म्हणत प्रत्येक जण स्वतःच्या छातीवर हात मारतो. दावीद राजानं परक्याची बायको घेतली आणि नवऱ्याला लढाईत मरायला पाठवलं. एका श्रीमंतानं गरिबाची कोकरी हिसकावल्याची गोष्ट सांगून नाथान संदेष्ट्यानं त्याला संताप आणला, आणि मग तो श्रीमंत माणूस तूच, असं म्हटलं. दावीदाचं उत्तर हिब्रूत अवघ्या दोन शब्दांचं आहे, आणि त्याचं क्रियापद 'मी'चं आहे. १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनात जी जागृती झाली, तिच्यात मुली आणि बाया रडत, मोठ्यानं, आपापली पापं सांगत होत्या. त्यांतल्या कित्येक दुष्काळातून वाचवलेल्या, टाकून दिलेल्या. ज्यांच्यावर जगानं एवढा अन्याय केला, त्यांनी का बरं पापं कबूल करावीत, असा राग मला पूर्वी येत असे. आता वाटतं, की 'माझं असं झालं' एवढंच ज्यांना आयुष्यभर म्हणता आलं, त्यांना 'मी केलं' म्हणणारा स्वतःचा आवाज तिथं सापडला असेल.

बाबांनी जाण्याच्या आदल्या वर्षी एकदा वेगळं वाक्य उच्चारलं. आम्ही धुऱ्यावर बसलो होतो, अंबिया बहाराचा वास होता. ते म्हणाले, "म्या मारलं त्याले." बस्स, एवढंच. राग त्या वाक्यात नव्हता.

लूकच्या शुभवर्तमानात आणखी दोन भाऊ आहेत. धाकटा वाटणी घेऊन जातो, उधळतो, डुकरांच्या चाऱ्यापर्यंत पोचतो आणि परत निघतो तेव्हा बापाला काय म्हणायचं ते वाटेवर घोकतो. ते वाक्यही 'मी'चं. त्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. थोरला वावरातून परत येतो, घरातून वाजंत्री ऐकू येते, गडी त्याला सांगतो की भाऊ आला आहे. त्याला राग येतो आणि तो आत जात नाही. बाप उठून बाहेर त्याच्याकडं येतो, समजावतो. थोरल्याच्या तक्रारीत धाकट्याला तो 'भाऊ' म्हणत नाही, 'हा तुमचा मुलगा' म्हणतो. बाप उत्तरात 'हा तुझा भाऊ' म्हणतो. गोष्ट तिथंच संपते. थोरला आत गेला की नाही, लूकनं लिहिलेलं नाही.